हात सुधारतोय

तिने लाल बटण दाबलं तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते. बटण दाबलं तरी पडद्यावरचा खेळ लगेच थांबत नाही. आणखी आठ सेकंद तो आपला चालत राहतो, मग पुढचं प्रकरण समोर येतं. हे आठ सेकंद कुणी मुद्दाम ठेवलेले नाहीत. ज्याने ही व्यवस्था बनवली त्याने कंटाळा केला असणार आणि पुढे सगळ्यांनीच केला. खात्यातले लोक ते पाणी प्यायला वापरतात, डोळे चोळायला वापरतात. आज तिची बाटली रिकामी होती म्हणून ती बघत राहिली. समोरच्या खेळाडूचा शेवटचा बाण बरोबर मधोमध बसला होता. फेरी संपली होती. पुढची सुरू व्हायच्या आत त्याने नेमाची खूण खाली आणली, उजवीकडच्या रिकाम्या भिंतीवर नेली, आणि एक आडवी रेघ ओढली, एक उभी. मग त्याच कोपऱ्याच्या आत, अगदी थोडं अंतर सोडून, तशीच आणखी एक आडवी, एक उभी. भिंतीवर काहीच उमटत नव्हतं, खूण नुसती फिरत होती. पडदा पांढरा झाला, पुढचं प्रकरण आलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

ती ज्या कंपनीत होती ती तिरंदाजीचा ऑनलाइन खेळ चालवायची, आणि ती बसायची ते खातं लबाडी पकडायचं. सात वर्षांत तिने बरंच काय काय पाहिलं होतं. कुणी भिंतीपलीकडचं दिसेल असा प्रोग्रॅम लावतो, कुणी समोरच्याचं नेटवर्क तुंबवून त्याचा बाण उशिरा सोडायला लावतो, एक महाभाग तर थेट सर्व्हरमध्ये शिरून स्वतःपुरता वारा बंद करून आला होता. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक नेम धरून देणाऱ्या प्रोग्रॅमला. आपण नुसतं बसायचं, बाण आपोआप लागतो. संशय आलेल्या फेऱ्या या खात्यात येत. नाव नाही, गाव नाही, वय नाही. वर एक लांबलचक आकडा आणि खाली आदल्या दिवशीचा दीड मिनिटाचा खेळ, कुठल्याही फेरीच्या मधूनच सुरू होणारा. हिरवं बटण म्हणजे सोडला. लाल बटण म्हणजे आयुष्यभरासाठी हद्दपार. नावं झाकायचं कारण सरळ होतं, कुणी आपल्या माणसाला पाठीशी घालू नये. उलटंही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खात्यात तिला चाळणी म्हणत. इतरांना दीड मिनिट अपुरं पडायचं तिथे तिला वीस सेकंद पुरायचे, कारण ती बाणाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. माणसाचा हात कधीही पूर्ण स्थिर नसतो, एवढंच तिचं शास्त्र. कितीही मोठा खेळाडू असो, नेम धरताना खूण किंचित हलते, श्वासाबरोबर वरखाली होते, सोडायच्या क्षणी जराशी चळते. जिथे चळत नाही तिथे हात माणसाचा नाही. मघाचा हात लोण्यातून सुरी जावी तसा चालला होता. इतका छान, की बघताना तिला बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचाच संशय येऊन तिने नवव्या सेकंदाला बटण दाबलं होतं. ते बरं वाटणं ओळखीचं होतं हे तिला आता कळत होतं.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, चाळीस वर्षं एका बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढत होते. कागद टेबलावर चिकटवला की आधी खालचा उजवा कोपरा आखायचे, दुहेरी, नाव आणि तारीख घालायच्या चौकटीचा. घर मग. का, असं तिने लहानपणी विचारलं होतं. सही कुठे करायची ते आधी माहीत असलं की माणूस उगाच काहीतरी काढत नाही, असं ते म्हणाले होते. जेवताना टेबलावर पाणी सांडलं तर बोटाने तोच कोपरा निघायचा आणि आई फडकं घेऊन धावायची. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचं बोट गुडघ्यावर तेच काढत होतं, आणि तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्यांच्या रेघेचं कचेरीत नाव होतं. पट्टी न लावता हातभर रेघ ओढायचे, आणि नव्याने लागलेले लोक ती खोटी पाडायला पट्टी लावून बघायचे आणि पट्टी गुपचूप खिशात घालायचे. अशा माणसाला कंपवात व्हावा. आधी अंगठा, मग पंजा, मग कोपरापासून सगळा उजवा हात. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. औषधाने आजाराचा वेग कमी होईल, हात पहिल्यासारखा होणार नाही, असं त्यांनी अण्णांच्या तोंडावर सांगितलं. अण्णांनी घरी येऊन पेन्सिली एका डब्यात भरल्या आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, त्यांचाच हात पोचणार नाही अशा जागी ठेवायला तिला सांगितला.

तिला हे सगळं बसल्या जागी आठवत होतं आणि त्याच वेळी ती मघाची चाल मनात पुन्हा पुन्हा तपासत होती, तपासायला काही उरलं नसताना. हाताची शेवटची पाव सेकंदाची चाल, ती हळूच विसावण्याची तऱ्हा, ती कुठल्याच विकाऊ प्रोग्रॅमची नव्हती. ती तिची होती. चार वर्षांपूर्वी एका रविवारी तिने ती लिहिली होती. अण्णांना तेव्हा साधं पत्र उघडता येत नव्हतं. माउस धरला की खूण पडद्यावर माशीसारखी भिरभिरायची, आणि ते हसून म्हणायचे, राहू दे, तूच वाच. तिने घरच्या मशीनवर एक लहानसा प्रोग्रॅम बसवला. हाताची थरथर गाळायची, आणि हाताला जिकडे जायचंय तिकडे त्याला अलगद पोचवायचं, बस. मशीन सुरू झालं की तोही सुरू, कुठे दिसायचा नाही. अण्णांना सांगायचा प्रश्नच नव्हता. चालायला काठी आणली तेव्हा त्यांनी ती छत्रीच्या स्टँडमध्ये घालून ठेवली होती आणि पाहुण्यांची म्हणून सांगत होते. ती त्यांना म्हणाली, माउस बदललाय, नवीन आहे. त्यांनी तो हातात धरून पाहिला, आणि पडद्यावर एक कोपरा काढला. चांगला आहे हा, एवढंच म्हणाले. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता की तिने आंघोळीला जाऊन नळ सोडून रडून घेतलं. मग महिन्यांमागून महिने गेले आणि ती गोष्ट ती विसरूनच गेली, घरातली एखादी खिडकी बसवून घेतल्यावर माणूस विसरतो तशी.

विसरले नव्हते ते अण्णा, फक्त त्यांनी ती वेगळी लक्षात ठेवली. कंपनीचा खेळ तिनेच त्यांना लावून दिला होता, दुपारचा वेळ जावा म्हणून. दोन-चार आठवड्यांतच ते चारच्या ठोक्याला खेळायला बसू लागले. साडेतीनला दाढी, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, जणू पलीकडच्यांना दिसणार आहेत. पलीकडे तिघं होते, तीन वेगवेगळ्या शहरांतले: एक दातांची डॉक्टरीण, एक ट्रकवाला, एक शाळेतला गणिताचा मास्तर. ते अण्णांना उस्ताद म्हणायचे. डॉक्टरणीचा घटस्फोट, ट्रकवाल्याची पाठ, मास्तराच्या मुलीचं लग्न, सगळं अण्णांना माहीत होतं, आणि घरी आल्यावर तिला ते ऐकावं लागायचं. मग एके दिवशी, वर्ष झालं असेल, ते सहज म्हणाले, "हात सुधारतोय." कप धरताना थरथरतो ते खरं, पण तो रिकामा असतो म्हणून थरथरतो, त्याला नेमकं काम दिलं की गप्प राहतो, डॉक्टरांना हे कळलेलं नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तेव्हा सांगायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की ती म्हणाली, हो, मलाही तसंच वाटतंय. गेल्याच पंधरवड्यात त्यांनी डबा खाली काढायला लावला. डॉक्टरीण घर बांधणार होती आणि उस्तादाने नकाशा काढून द्यायचं कबूल केलं होतं. तिने सहा पेन्सिलींना टोकं करून दिली. रोज उद्यावर ढकलत होते, पण ढकलतानाही खुशीत असायचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गटप्रमुखाकडे गेली. वयाने तिच्यापेक्षा लहान, स्वभावाने बरा, ढेकर आला तर माफी मागणारा माणूस. ती म्हणाली, सकाळच्या एका प्रकरणात माझी घाई झाली असं वाटतंय, परत बघशील का. चाळणीची घाई झाली हे ऐकून त्याला गंमतच वाटली. त्याने डबा बाजूला सारून फेरी लावली, एकदा सरळ पाहिली, एकदा हळू करून. तिला वाटत होतं, त्याने म्हणावं की खरंच काहीतरी चुकतंय. तो म्हणाला, यात काय बघायचं, आंधळ्यालाही दिसेल. मग तो पुढे झुकला. हे बाजारातलं नाही, तो म्हणाला, कुणीतरी घरी बसून हाताने लिहिलंय, आणि काय सुरेख लिहिलंय. त्याने तिच्यासमोरच तंत्रज्ञाला फोन लावून सांगितलं की या प्रोग्रॅमची ओळख बंदीच्या यादीत घाला, म्हणजे आता कुठल्याही मशीनवर, कुठल्याही नावाने आला तरी तो दारातच अडेल. तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं की समजा एखाद्याचा हात आजारी असला आणि त्याने असं काही लावलं असलं तर. त्याची सोय होती. एक फॉर्म होता. खेळाडूने स्वतः लिहून द्यायचं, की माझा हात काम करत नाही, मी अमुक प्रोग्रॅमच्या आधाराने खेळतो. सोबत डॉक्टरांचा कागद आणि प्रोग्रॅम बंद करून हाताची चित्रफीत. स्वतः म्हणजे स्वतःच, मुलाबाळांनी भरलेला चालत नाही, तो म्हणाला, लोक फार लबाड असतात. मग तिच्याकडे बघून त्याने विचारलं की बरं नाही का वाटत, आणि तिने तीच सबब धरून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. प्रोग्रॅम कुणाचा हे कळलं तर आपली नोकरी जाईल, हा विचार तिला जिन्यात आला. तो उशिरा आला याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

तीन वाजले होते. बस केली असती तर वीस मिनिटांत घरी पोचली असती. ती चालत निघाली. चालत गेलं की चार वाजून जातील आणि तोवर जे व्हायचं ते आपल्या पाठीमागे होऊन जाईल, असा भ्याड हिशेब त्यात होता आणि तो तिला पुरेपूर कळत होता. डोक्यात मात्र ती वाक्यं जुळवत होती. अण्णा, तुमचा फॉर्म भरायचाय. अण्णा, तुमच्या हातात काही दोष नाही, फक्त. फक्त काय? फॉर्म भरला तर खेळ परत मिळत होता, ती तीन माणसं परत मिळत होती, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं होतं की हात कधी सुधारलाच नव्हता. नाही भरला तर हात सुधारलेला राहत होता आणि ते लबाड ठरत होते, चाळीस वर्षांत ज्यांनी बोटभर रेघही चुकीची जाऊ दिली नाही ते. दोन्हीकडून तीच त्यांना मारत होती. पुढे रस्त्याच्या मधोमध दोन कामगार पांढरे पट्टे मारत होते. एकाने दोरी ताणून धरली होती, दुसरा गाडा ढकलत होता, आणि पट्टा त्याच्या मागून ओला आणि सरळ निघत होता. ती थांबून बघत राहिली. दोरी उचलली तरी पट्टा सरळच राहिला. किती वेळ बघत होती कोण जाणे. गाडेवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा पावणेचार झाले होते, आणि मग ती एकदम धावतच सुटली.

दार उघडलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अण्णा पुढच्या खोलीत मशीनसमोर बसले होते, निळा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पडद्यावर राखाडी चौकट होती आणि तिच्यात तीन ओळी. 'तुम्ही इतर खेळाडूंचा विश्वास मोडला आहे. तुमचा प्रवेश कायमचा बंद करण्यात आला आहे. हा निर्णय एका अनुभवी तपासनिसाने तुमचा खेळ पाहून घेतला आहे.' हा मजकूर दोन वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. 'कायमचा' हा शब्द आधी नव्हता, तो तिने मागून घातला, नाहीतर लोक उगाच आशा धरून बसतात म्हणून.

अण्णा रागावलेले नव्हते. ते चक्क थोडे खुशीत होते, हे तिला आधी दिसलं आणि मग सहन होईना.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "हे वाच. तुमच्याच कचेरीतला कुणीतरी असणार. त्याला म्हणावं, तुझं काही चुकलं नाही. एवढा स्थिर हात पाहून मलाही संशय आला असता."

ती म्हणाली की आपण उद्या बघू, शांतपणे बघू. पण त्यांनी तोवर टेबलाचा खण ओढला होता. त्यात कागद होता, मोठा, घडी न घातलेला, आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली. डॉक्टरणीच्या घरासाठी काढून ठेवलेल्या. ते तिघं तिकडे खोळंबलेत, अण्णा म्हणाले, त्यांना काय वाटेल. फोन काढ, मी रेघ ओढतो, तू चित्रफीत घे आणि पाठव त्यांना. हात दाखवला की प्रश्न मिटला.

"अण्णा, आज नको."

"मग केव्हा? घे."

तिने फोन काढला. का काढला हे तिला पुढे कधीच सांगता आलं नसतं. ते म्हणाले, घे, आणि लहानपणापासून ते म्हणाले की ती घेत आली होती. अण्णांनी डाव्या हाताने कागद सपाट केला, उजव्या हातात पेन्सिल धरली, आणि ती खालच्या उजव्या कोपऱ्यावर आणली. टोक कागदावर नीट टेकायच्या आधीच टकटक वाजायला लागलं. ते थांबले. श्वास घेतला. हाताला काम दिलं की तो गप्प राहतो, हे त्यांचं मत त्यांच्या चेहऱ्यावर अजून शाबूत होतं. मग त्यांनी रेघ ओढली. ती वर गेली, खाली आली, एका जागी कागद फाडून पुढे सरकली आणि टेबलाच्या लाकडावर जाऊन थांबली. त्यांनी दुसरी पेन्सिल घेतली, जणू पहिलीचाच दोष होता, आणि डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून उभी रेघ ओढली. तीही तशीच. कोपरा काही झाला नाही. फोन तिच्या हातात चालूच होता, तो बंद करायचं तिला सुचलं नाही.

अण्णा कागदाकडे बघत बसले. मग त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे.

"मग तिथे कोण खेळत होतं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, रविवारचा प्रोग्रॅम, न बदललेला माउस, आणि आजचं अकरा चाळीसचं बटणही, कारण निम्मं सांगून थांबायची ताकद तिच्यात नव्हती. नकाशाचं माप पहिल्यापासून चुकलंय असं कुणी दाखवून द्यावं आणि आपण आकडे ताडून बघावेत, तसे ते बघत होते. किती दिवस, एवढं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, चार वर्षं. मग ती घाईघाईने फॉर्मचं बोलायला लागली, की असा फॉर्म असतो, भरला तर परत घेतात, पुष्कळ लोक भरतात, त्यात कमीपणाचं काही नाही, ते तिघं काय म्हणणारेत, उलट.

"काढून टाक ते," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ते काढलं तर तुम्हाला पत्रसुद्धा उघडता..."

"काढून टाक."

ती त्यांच्या खांद्यावरून पुढे वाकली आणि प्रोग्रॅम काढून टाकला. एका रविवारचं काम जायला अर्धं मिनिटही लागलं नाही. अण्णांनी तिला हाताने बाजूला केलं आणि माउस स्वतःकडे घेतला. राखाडी चौकटीच्या वरच्या टोकाला बंद करायची एक बारीकशी फुली होती. खूण तिच्याकडे निघाली, भिरभिरली, चौकटीच्या बाहेर गेली, परत आली, फुलीवरून घसरली, पुन्हा वर गेली. ती खुर्चीमागे उभी राहून बघत होती, कचेरीत बघते तशीच, सवयच होती ती. हा हात जगातल्या कुठल्याही तपासनिसाने पहिल्याच सेकंदाला सोडला असता. खूण आणखी एकदा फुलीजवळून निसटली. तिने हात पुढे केला, तर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, राहू दे, आणि ती मागे सरली. चौकट तशीच होती, तिन्ही ओळी तशाच होत्या, आणि अण्णा पुन्हा खूण फुलीकडे नेत होते.